वासरू आडवे आले की पिशवीला पीळ पडला?

गाय अडली की गोठ्यात ‘वासरू आडवं आलं’ हे एकच निदान सर्वांच्या तोंडी असते. वास्तविक या एका वाक्याखाली दोन निराळे बिघाड येतात. एकात गर्भाशय जागेवर असते, पण आतल्या वासराचे डोके, पाय किंवा पाठ भलत्याच ठिकाणी असते. दुसऱ्यात गर्भाशय, म्हणजे पशुपालक जिला पिशवी म्हणतात ती, स्वतःभोवती फिरून तिला पीळ पडलेला असतो आणि वासरू त्या पिळापलीकडे कोंडले जाते. बाहेरून दोन्ही गायी सारख्याच अस्वस्थ दिसतात. त्यांची कारणे मात्र पुष्कळ अंशी एकमेकांच्या उलट आहेत, आणि ती समजली तर गायीला कोणती मदत हवी हेही समजते.

शंभरातील सुमारे ९५ वासरे पुढचे दोन्ही पाय ताणून, त्यांवर डोके टेकवून आणि पाठ आईच्या पाठीकडे ठेवून जन्मतात. ही ठेवण वासराला आयती मिळालेली नसते. गाभणकाळाच्या शेवटच्या दिवसांत ते बहुधा कुशीवर किंवा पाठीवर, पाय मुडपून पडलेले असते. कळांच्या पहिल्या टप्प्यात गर्भाशयाच्या आकुंचनांसरशी ते कूस बदलते आणि मान व पाय पुढे ताणते. म्हणजे नीट जन्मण्यासाठी वासरालाही हालचाल करावी लागते. जे वासरू पोटातच मेलेले, अशक्त, अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मतःच ताठर सांध्यांचे असते, त्याला ही हालचाल साधत नाही. मग मान कुशीकडे वळलेली राहते किंवा पाय गुडघ्यात दुमडलेला राहतो. रक्तातील कॅल्शियम घटल्याने गर्भाशयाची आकुंचने मंदावली तर धडधाकट वासरालाही पुरेशी चालना मिळत नाही. वासरू फार मोठे असले किंवा जुळी असली तर वळायला जागा उरत नाही. अर्थात अनेकदा यांपैकी काहीच सापडत नाही, आणि अशा वेळी गायीच्या मालकाने स्वतःला दोष लावून घेण्याचे कारण नसते.

मागचे पाय पुढे करून येणारे वासरू हा यातलाच एक प्रकार. माणसांत अशा बाळाला आपण पायाळू म्हणतो. दोन्ही मागचे पाय सरळ असतील तर ते बाहेर येऊ शकते, मात्र डोके आत असतानाच नाळ दाबली जात असल्याने शेवटच्या टप्प्यात विलंब चालत नाही. मागचे पाय पोटाखाली दुमडून नुसते शेपूट वाटेवर आले असेल, तर मात्र वासरू आपोआप बाहेर येणे जवळजवळ अशक्य असते.

पिळाची गोष्ट निराळी आहे. गर्भाशयाला धरून ठेवणारे पडदे त्याच्या आतल्या, आखूड बाजूला जोडलेले असतात. भरलेली, जड बाजू पोटात मोकळी लोंबते. त्यातच गाय उठताना आधी मागचा भाग उचलते आणि क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहते. त्या क्षणी वासराने जोराने अंग झाडले, गायीचा पाय घसरला किंवा दुसऱ्या जनावराने धडक दिली, तर गर्भाशय उलटू शकते. म्हणून पीळ पुष्कळदा जोमदार, हलत्या वासराच्या वेळी पडतो. म्हशींत हा त्रास विशेष आढळतो आणि त्यांच्यात पीळ बहुधा उजवीकडे असतो.

माझ्या मते हा भेद सर्वांत स्वच्छ दिसतो तो जुळ्यांत. गर्भाशयाच्या दोन शिंगांत, म्हणजे दोन फाट्यांत, एकेक वासरू असेल तर दोन्ही बाजूंचा भार तोलला जातो आणि पीळ क्वचितच पडतो. पण तीच जुळी वाटेत एकमेकांचे पाय अडवून बसतात.

ओळखताना पहिला प्रश्न पाणमोटेचा, म्हणजे वासराआधी बाहेर येणाऱ्या पाण्याच्या फुग्याचा. वासराची ठेवण चुकली असेल तर पाणमोट सहसा दिसते, फुटते, मग एखादे खूर किंवा नाकाड दिसते आणि प्रगती थांबते. पीळ असेल तर गाय उठबस करते, पोटावर लाथा मारते, चारा सोडते, पण पाणमोट येतच नाही, जोर तितकासा लावला जात नाही आणि काही तासांनी कळा ओसरल्यासारख्या वाटतात. काही गायींत योनीचा एक ओठ आत ओढलेला दिसतो, आणि हात घालणाऱ्या पशुवैद्यकाला आत मळसूत्रासारख्या वळ्या लागतात. फसवतो तो शेपटाकडून आलेला प्रकार: वाट अडवून ताण देणारे काहीच नसल्याने तेथेही गाय जोर करत नाही. नुसत्या बाहेरच्या पाहणीवर म्हणूनच थांबू नये. शिवाय अर्धवट पिळात वासरूच पोट वर करून आलेले लागते. अशा वेळी ठेवण सुधारण्याआधी पीळ तपासावा.

उपाय याच फरकावर बेततात. ठेवण चुकली असेल तर दोन कळांच्या मधल्या वेळात वासरू आत ढकलून, खूर तळहातात झाकून पाय सरळ करावा लागतो. पीळ असेल तर गायीला पीळ ज्या दिशेला आहे त्याच कुशीवर पाडून, पोटावर फळी दाबून त्याच दिशेने लोळवतात, म्हणजे गर्भाशय स्थिर राहते आणि गाय त्याच्याभोवती फिरते. न जमल्यास शस्त्रक्रिया. दोन्हींत दोरी लावून आंधळेपणाने ओढणे किंवा ‘कळा याव्यात’ म्हणून इंजेक्शन देणे घातक आहे, कारण त्याने गर्भाशय फाटू शकते. पाणमोट फुटून दोन तास झाले, किंवा अस्वस्थपणा सुरू होऊन सहा तासांत काहीच दिसले नाही, तर पशुवैद्यकाला किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर कळवावे. पीळ सुटला की अडलेले पाणी बहुधा एकदम बाहेर येते. त्यानंतरही पुन्हा हात घालून वासराचे डोके व पाय कुठे आहेत हे पाहावेच लागते.