सोलापुरातून ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणासाठी अर्ज करताना

सौर पॅनेल बसवणे, त्याची तारजोडणी करणे आणि पुढे देखभाल पाहणे या कामाचे प्रशिक्षण केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘सूर्यमित्र’ या नावाने सुरू केले. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने आखलेला हा ६०० तासांचा, सुमारे तीन महिन्यांचा अभ्यासक्रम निवासी असून शिक्षण, राहणे आणि जेवण यांसाठी उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत. त्यामुळे प्रवेशासाठी कोणी ‘फी’ मागितली तर तेथून परत फिरावे.

उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे, तो दहावी उत्तीर्ण असावा आणि वीजतंत्री, तारतंत्री, फिटर, शीट मेटल किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक यांपैकी एखादा आयटीआय व्यवसाय त्याने पूर्ण केलेला असावा. विजापूर रोडवरील शासकीय आयटीआयमधून वीजतंत्री होऊन बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी या अटीत बसते. अभियांत्रिकी पदवीधरांसाठी मात्र हा अभ्यासक्रम नाही. ग्रामीण भागातील तरुण, बेरोजगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील उमेदवारांवर निवडीत विशेष भर असतो.

आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचे प्रमाणपत्र, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक, छायाचित्रे आणि लागू असल्यास जातीचा दाखला एवढी कागदपत्रे हाताशी ठेवावीत. खरी अडचण कागद नसण्यापेक्षा त्यांवरची नावे न जुळण्याची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर ते शेवटी असू शकते. शिवाय मराठी, तेलुगू आणि कन्नड नांदणाऱ्या सोलापुरात एकाच आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळणे नवलाचे नाही. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून ते घाईने दुरुस्त न करता दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर ताडून एकदाच आणि अर्जाआधी दुरुस्त करून घ्यावे.

तुकड्या ठरावीक संस्थांमध्येच भरतात. त्यामुळे पुढची तुकडी कोठे आहे याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात करावी आणि ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून ठेवावी. जे आधीपासूनच पॅनेल बसवण्याचे काम करतात, पण हाती कागद नाही, त्यांनी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील ‘आरपीएल’चीही, म्हणजे आधीपासून अंगी असलेल्या कौशल्याला मूल्यमापनातून प्रमाणपत्र देण्याच्या सोयीचीही, चौकशी करावी, चौथ्या टप्प्यात त्यासाठीची वयोमर्यादा १८ ते ५९ आहे आणि तीन महिने रोजगार बुडवावा लागत नाही.

प्रशिक्षण संपले म्हणजे प्रमाणपत्र मिळाले असे नाही. त्यासाठी मूल्यमापनात उत्तीर्ण व्हावे लागते, आणि हे काम हरित रोजगारांसाठीच्या कौशल्य परिषदेकडे आहे. हे प्रमाणपत्र म्हणजे तारतंत्रीचा परवानाही नव्हे. तो राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.