ड्रम ब्रेक: चामड्याच्या तुकड्यापासून कुर्ल्याच्या पद्मिनीपर्यंत

हौसेनं जुनी प्रीमियर पद्मिनी घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा ब्रेकची असते. पाय खोल जातो, दोनदा पंप मारावा लागतो आणि ब्रेक लागलेच तर गाडी एका बाजूला ओढते. मग कुणीतरी सांगतं, पुढे डिस्क ब्रेक टाकून घ्या. मला हा सल्ला पटत नाही. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमला आतून घासून थांबवणारे ब्रेक आहेत आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी भर पावसात, भर गर्दीत अनेक दशकं त्यांच्यावरच भिस्त ठेवली. ब्रेक नीट बसवले असतील तर गाडी सरळ थांबते. हे ब्रेक असे का घडले हे माहीत असलं की बसवताना कुठे घाई करायची नाही हेही कळतं.

मोटारीच्या अगदी सुरुवातीला चाकावर लाकडी ठोकळा दाबायचा, एवढाच ब्रेक होता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. वाटेतल्या उतारांवर ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका गावात चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं लायनर म्हणतात ते हेच. पुढे इंग्लंडमध्ये डार्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी या कामाला वाहून घेतलं. त्या भागातले घोडागाडीवाले उतारावर ब्रेकला जुन्या बुटांचं चामडं लावत. फ्रूड यांनी १८९७ मध्ये त्याहून टिकाऊ लायनर बनवायला घेतलं आणि १९०८ च्या सुमारास त्यात न जळणारं तंतुमय खनिज, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आणलं. त्यांच्या कंपनीचं फेरोडो हे नाव त्यांच्याच आडनावाची अक्षरं फिरवून आणि पत्नी एलिझाबेथचा इ घालून तयार झालं.

ड्रमच्या आतून बाहेर दाबणारे शू, म्हणजे लायनर लावलेले कमानीसारखे तुकडे, ही लुई रेनो यांची १९०२ ची कल्पना. त्याआधी ड्रमवर बाहेरून पट्टा आवळत. त्या पट्ट्यात चिखल जाई, पाणी जाई. शू आत गेले आणि ड्रमच त्यांचं छप्पर झाला.

या रचनेत एक गंमत दडलेली आहे आणि दुरुस्तीची निम्मी अक्कल तिच्यातच आहे. चाक पुढे फिरत असताना दोनपैकी एक शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपोआप जास्त घट्ट चिकटतो. हा लीडिंग शू. दुसरा, ट्रेलिंग, उलट मागे ढकलला जातो. लीडिंग शूच्या या स्वभावामुळेच पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतानाही नुसत्या पायाच्या जोरावर गाडी थांबायची. पण जो शू स्वतःचा जोर वाढवतो तो स्वतःची चूकही वाढवतो. एका चाकाच्या लायनरला तेलाचा नुसता हात लागला तरी दोन बाजूंच्या पकडीत मोठा फरक पडतो आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. म्हणून एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचं काम एकाच वेळी, एकाच जातीचं लायनर वापरून करायचं. एक बाजू आज आणि दुसरी पगार झाल्यावर, असं करू नये.

पुढच्या चाकांना ब्रेक लावायला लोक बरीच वर्षं घाबरत होते. गाडी उलटेल, घसरेल असं वाटे. चारही चाकांना ब्रेक रुळले ते १९२० च्या दशकात, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये काही गाड्यांच्या मागे तशी सूचना देणारा लाल त्रिकोण लावत. ही गाडी अचानक थांबेल, अंतर ठेवा, असा त्याचा अर्थ.

सळ्या आणि केबलींनी चारही चाकांवर सारखा जोर पोचवणं मात्र फार कटकटीचं होतं. ते कोडं सोडवलं माल्कम लॉकहीड यांनी, तेलाच्या दाबानं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. तेलाच्या दाबानं शू ढकलणाऱ्या सुरुवातीच्या सिलिंडरांत तेल अडवायला चामड्याचे कप होते आणि ते गळत. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्यांच्या जागी रबराचे कप बसवले आणि १९२४ च्या क्रायस्लरमध्ये हे ब्रेक सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आले. फोर्डनं मात्र १९३९ पर्यंत सळ्या सोडल्या नाहीत.

इथून धागा आपल्याकडे येतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा करार क्रायस्लरशी होता, त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी बाहेर पडल्या त्या डॉज आणि प्लिमथ. फियाट त्यानंतरची. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. शेजारीच घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा लायनरचा कारखाना होता. म्हणजे फ्रूड यांचं लायनर आणि क्रायस्लरनं रुळवलेला तेलाचा ब्रेक, दोन्ही एका उपनगराच्या अंतरावर.

लायनरमधलं अ‍ॅस्बेस्टॉस उष्णतेला टिकायचं, म्हणून सगळ्यांनी वापरलं. त्याची धूळ फुप्फुसात राहते, आणि कारखान्यातल्या कामगारांनी व गॅरेजमधल्या पोरांनी ती वर्षानुवर्षं श्वासात घेतली. जुनं लायनर कसलं आहे हे नुसतं बघून ओळखता येत नाही. म्हणून जुना ड्रम उघडला की कंप्रेसरची हवा मारायची नाही, फुंकायचं तर मुळीच नाही. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं टाकून द्यायचं. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

आमच्या पद्मिनीचं काम काढलं तेव्हा सिलिंडरचे कप फुगलेले निघाले. आधी कुणीतरी ब्रेक ऑइलऐवजी दुसरंच तेल ओतलं होतं. इंजिन ऑइलसारखं खनिज तेल या रबराला लागलं की ते फुगतं आणि पिस्टन अडकतो. चारही चाकांचे सिलिंडर उघडून रबराचं किट बदललं आणि पाइप साफ करून घेतले. पेडलनं तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरचंही तेच केलं.

शू घेऊन पुण्याला नाना पेठेत गेलो. रिवेट मारणारा मिस्त्री आता शोधावा लागतो. त्यानं पितळी रिवेट मधून सुरू करून टोकांकडे मारत नेले. आधी टोकांना मारले तर मध्ये फुगा राहतो. मग शू माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "कागद घालून बघा." लायनर आणि शूच्या मध्ये कागद कुठेच शिरला नाही. रिवेटची डोकी पृष्ठभागाच्या बरीच आत होती. लायनर झिजून ती वर आली की ड्रमला चरे पाडतात, आणि आमच्या ड्रमला पडलेच होते.

ड्रम लेथवर मारून घेतला. खरी मेख इथून पुढे. ड्रमचं माप वाढलं, पण लायनरची गोलाई जुन्याच मापाची. लायनरवर खडूनं आडव्या रेघा मारल्या, ड्रम चढवला, शू हलके टेकेपर्यंत टाइट केले आणि हातानं दोन फेरे देऊन ड्रम काढला. खडू मधल्या तीन बोटं रुंदीच्या पट्ट्यातच पुसला होता, बाकी रेघा जशाच्या तशा. असेच ब्रेक जोडले असते तर पहिले कित्येक किलोमीटर तेवढ्या तीन बोटांनीच गाडी थांबवायची होती. नवे ब्रेक लागत नाहीत ही तक्रार पुष्कळदा इथूनच निघते, आणि दोष ड्रम ब्रेकच्या नावावर जातो.

लायनर नवं, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं होतं, तरी तोंडाला मास्क बांधला. मधला भाग घासला, खडू मारला, ड्रम चढवला, काढला. पुन्हा घासला. चौथ्या खेपेला रेघा दोन्ही टोकांजवळपर्यंत पुसल्या गेल्या. मग स्प्रिंगा चढवल्या आणि लांबच्या चाकापासून तेलाच्या पाइपांतली हवा काढायला घेतली.