वालाच्या मुळावरच्या गाठी

भात कापून झाला की मुरबाड-शहापूरच्या खाचरांत जमिनीतल्या ओलीवरच वाल टाकायचे, ही ठाणे जिल्ह्याची जुनी रीत. देशावर ज्याला बेवड म्हणतात तो हाच प्रकार. द्विदल घेतलं की पुढच्या पिकाला जमीन चांगली लागते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. का लागते, ते कळायला १८८६ साल उजाडलं.

गाठी मात्र त्याच्या बऱ्याच आधी दिसल्या होत्या. इटलीच्या माल्पिघीने सतराव्या शतकातच त्यांची चित्रं काढली, पण त्याला तो रोगट फुगवटा वाटला! जर्मनीत हेलरीगेलने निर्जंतुक वाळूत वाटाणा लावला, तर तो खुरटला. शेतातल्या मातीचं थोडं पाणी ओतताच मुळांवर गाठी आल्या आणि रोप तरारलं. द्विदल नसलेल्या ओटवर मात्र त्या पाण्याचा काही परिणाम होईना. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायजेरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा काढला, तोच रायझोबियम.

वालाचं रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर ती कामावर आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलाच तो रंग. गाठीतला प्राणवायू तो आटोक्यात ठेवतो, आणि प्राणवायू आटोक्यात राहिला तरच जिवाणूला हवेतला नत्र (नायट्रोजन) रोपासाठी बांधता येतो. आतून हिरवट गाठ म्हणजे काम संपलेलं.

पुढे विषय गाठींपुरता उरला नाही. मुळालगतच्या मातीला जर्मन शास्त्रज्ञ हिल्टनरने १९०४ मध्ये ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिलं. १९७८ मध्ये अमेरिकेत क्लोपर आणि श्रॉथ यांनी मुळा या भाजीची वाढ सुधारणारे जिवाणू दाखवले. असे जिवाणू मातीत अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) सोडवतात, मुळं फुटायला लावणारी द्रव्यं बनवतात. काही तर मातीतलं लोह आधीच ओढून घेतात आणि रोगाच्या बुरशीला उपाशी ठेवतात. मला सगळ्यात आवडलेली चाल ही.

भारतात जिवाणू खतं २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. रायझोबियमच्या भुकटीत ग्रॅममागे किमान पाच कोटी जिवंत पेशी हव्यात, असं त्यात ठरलं. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायची आणि सावलीत सुकवायची, ती ही काळी भुकटी. मी मागे ठाण्यातल्या एका दुकानातून पाकीट आणलं. ते काउंटरवर, ऐन मे महिन्याच्या उन्हात ठेवलेलं होतं. मुदतीची तारीख शाबूत होती. पाच कोटींतले किती शाबूत होते, ते ती तारीख कुठून सांगणार?