कुष्ठरोगाची रिअ‍ॅक्शन वारंवार येते? एकदा तोंड तपासून घ्या

कुष्ठरोगाच्या गोळ्या नेमाने चालू असतात आणि अचानक जुने चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराजवळची नस ठणकू लागते. कुणाच्या अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, ताप भरतो, सांधे धरतात. रोग उलटला किंवा औषध बाधलं असं वाटून काही जण गोळ्याच सोडून देतात. कृपा करून तसं करू नका. ही रिअ‍ॅक्शन आहे. शरीरातल्या कुष्ठजंतूंवर, अगदी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही, आपलीच प्रतिकारशक्ती चवताळून उठते. एमडीटीचा, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित गोळ्यांचा, ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स संपल्यावरही ती येऊ शकते. नस दुखत असेल, हातापायातला जोर कमी वाटत असेल किंवा डोळा लाल झाला असेल, तर आधी कुष्ठरोगाच्या डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी. दातांचं नंतर पाहू.

मग यात दातांचा संबंध कुठे येतो? शरीरात दुसरीकडे जंतुसंसर्ग असला की दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात. रिअ‍ॅक्शनमध्येही हीच द्रव्यं वाढलेली असतात. त्यामुळे तोंडातला जुना संसर्ग काही रुग्णांमध्ये रिअ‍ॅक्शन भडकवू शकतो किंवा लांबवू शकतो. प्रत्येक रिअ‍ॅक्शन दातांमुळे येते असं मात्र नाही, आणि दात काढला की ती थांबेलच असं आश्वासन आम्ही दातांचे डॉक्टर देणार नाही. पण संसर्ग सापडला तर तो तसाच ठेवण्यात शहाणपण नाही.

बहुतेक वेळा तो दुखतही नाही, हीच अडचण आहे. दाढ कधीच तुटून गेलेली असते, हिरडीत काळपट मूळ तेवढं उरलेलं असतं. शेजारी मोहरीएवढी पुळी येते, दाबली की पू येतो, पुन्हा बसते. रुग्ण म्हणतात, ‘त्याचा काही त्रास नाही.’ प्रेडनिसोलोन (रिअ‍ॅक्शनवर दिलं जाणारं स्टिरॉइड) चालू असेल तर सूज आणि ठणका आणखीच दबतो. आत संसर्ग मात्र पसरत राहू शकतो. ब्रश करताना रक्त येणं, दात हलणं, तोंडाला सतत वास येणं, हेही दाखवण्यासारखंच आहे.

बोटं वाकडी झाली असतील तर ब्रश हातात ठरत नाही, त्यात तुमचा दोष नाही. ब्रशच्या दांड्यावर जुन्या कापडाची जाड गुंडाळी करून वर रबर चढवा, पकड येते. जमत नसेल तर घरच्यांची मदत घ्या.

तपासणीला येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा. स्टिरॉइड चालू असेल तर मनाने बंद करून येऊ नका. दात काढायचा असल्यास तुमच्या डॉक्टरांशी आम्ही आधी बोलून घेतो. आणि आजार लपवू नका. कुष्ठरोग आहे म्हणून आमच्याकडे कुणाला वेगळं बसवलं जात नाही.