टाळायला सबब मिळाली की...

१९७९ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेल्विन स्नायडर, रॉबर्ट क्लेक आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. मध्ये आडोसा, दोन्ही बाजूंना एकेक टीव्ही. एकीकडे पायाला कॅलिपर (अधू पायाला आधार देणारी पट्टी) लावलेली व्यक्ती बसलेली, दुसरीकडे कॅलिपर नसलेली. दोघांशेजारची खुर्ची रिकामी. दोन्हीकडे एकच चित्रपट असला, तर बरेच जण कॅलिपरवाल्या व्यक्तीशेजारी बसत. चित्रपट वेगळे असले, की बहुतेकांची पावलं दुसरीकडे वळत. ‘मला तोच बघायचा होता’ म्हणायची सोय झालेली असे!

क्लेक यांच्याच १९६६च्या प्रयोगात अपंग भासणाऱ्या व्यक्तीशी बोलताना लोकांनी संभाषण लवकर आटोपतं घेतलं आणि स्वतःची खरी मतंही नीट मांडली नाहीत. आमच्या मते यामागे तिरस्कारापेक्षा चुकण्याची धास्ती जास्त असते. अंध माणसासमोर ‘बघा’ म्हणावं की नाही, इथेच गाडी अडते. (खुशाल म्हणा. तेही ‘काल मॅच पाहिली’ असंच म्हणतात.)

काय करायचं हे नेमकं ठाऊक असलं, की ही धास्ती बरीच ओसरते. आधी विचारा, ‘मदत हवी का? कशी करू?’ उत्तर ‘नको’ आलं तर विषय संपला. अंध व्यक्तीचा दंड धरून तिला पुढे ढकलू नका. तिला आपल्या कोपराच्या जरा वर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. आपण वळलो, थांबलो, पायरी उतरलो, ते तिला हातातूनच कळतं. ढकलत नेलं तर पायरी आधी तिच्या पायाला लागते. पायरी चढायची की उतरायची, तेही सांगा. निघताना ‘मी निघतो’ म्हणा, नाहीतर ती रिकाम्या जागेशी बोलत राहते.

व्हीलचेअरच्या मुठींना जड पिशवी अडकवली तर खुर्ची मागे कलंडू शकते. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना दुभाष्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहा. उजेड आपल्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागे नको. ओरडल्याने ओठांची ठेवण बिघडते आणि ओठ वाचणं आणखी कठीण होतं. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर कळल्याचं सोंग नको. कळलं तेवढं म्हणून दाखवा आणि उरलेलं पुन्हा विचारा.

डोळ्यांना पट्टी बांधून अंधत्वाचा ‘अनुभव’ देणारे कार्यक्रम मात्र आम्हाला पटत नाहीत. त्यांत पहिल्या तासाची भांबावलेली अवस्था दिसते, वर्षानुवर्षं कमावलेलं कसब दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच पूर्वग्रह कमी करणाऱ्या सहवासाच्या अटी मांडल्या होत्या: समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. म्हणून अपंग सहकाऱ्याला व्यासपीठावर हार घालण्याऐवजी त्याच कार्यक्रमाचा हिशेब त्याच्याकडे द्या, आणि तो चुकला तर इतरांना विचाराल तसाच जाब त्यालाही विचारा.