सत्तावीस मिलिसेकंदांची पाळी

१७ जून २०२५ रोजी इराण आणि ओमान यांच्यामधल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अडालिन’ ही दोन तेलवाहू जहाजं एकमेकांवर आदळली. नागपुरात, सीताबर्डीत चहा घेताना मित्रानं विचारलं, “एवढा मोठा समुद्र पडला आहे ना बे, मंग आदळतात कशी?”

समुद्र मोठा आहे, वाट मोठी नाही. होर्मुझमध्ये जायची एक आणि यायची एक अशा दोन मार्गिका आखलेल्या आहेत. प्रत्येकीची रुंदी सुमारे दोन सागरी मैल, म्हणजे पावणेचार किलोमीटर; मधे तेवढाच दुभाजक. (समुद्रात उजवीकडून चालतात.) भरलेल्या टँकरला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवलं तरी थांबेपर्यंत तो काही किलोमीटर पुढे गेलेला असतो. भारत आयात करतो त्यातला बहुतांश स्वयंपाकाचा गॅस याच वाटेनं येतो, म्हणजे व्हरायटी चौकापासून दूर असली तरी ही रहदारी आपलीच आहे.

आसपास कोण आहे हे कळावं म्हणून मोठ्या जहाजांवर ‘एआयएस’ हे यंत्र सक्तीचं आहे. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपला ओळख-क्रमांक, ठिकाण, वेग आणि दिशा रेडिओवर सांगत राहतं. मला या यंत्राचं अतोनात कौतुक आहे, ते पुढच्या गोष्टीसाठी.

सगळी जहाजं दोनच रेडिओ वाहिन्यांवर बोलतात. दोघं सारख्याच जोरानं एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येणार नाही. मग पाळी कोण लावतं? कुणीच नाही! प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेले आहेत. वेग सेकंदाला ९६०० बिट (बिट म्हणजे माहितीचा सर्वांत छोटा कण), म्हणून एका तुकड्यात २५६ बिट मावतात आणि तो जेमतेम २७ मिलिसेकंद टिकतो. नवं जहाज आलं की आधी मिनिटभर नुसतं ऐकतं, रिकामे तुकडे हेरतं आणि त्यातला एक घेतं. बोलतानाच ‘यापुढे मी अमुक तुकड्यात बोलेन’ हेही सांगून टाकतं, आणि बाकीचे तो तुकडा सोडून देतात. गर्दी फारच झाली, तर सर्वांत लांबच्या जहाजाचा तुकडा वापरायची मुभा असते. लांबचा आवाज बुडतो, जवळचा ऐकू येत राहतो, आणि धोका तर जवळच्याचाच असतो.

पण जहाजाला स्वतःचं ठिकाण कळतं ते उपग्रहांच्या संकेतावरून. तो संकेत फार क्षीण असतो, जमिनीवरच्या ट्रान्समीटरनं सहज दाबता येतो किंवा खोटा बनवता येतो. त्या जूनमध्ये होर्मुझ परिसरातली कित्येक जहाजं नकाशावर चक्क जमिनीवर दिसत होती. अशी चित्रं ‘गूढ शक्ती’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. तो माणसांनी केलेला रेडिओ-गोंधळ आहे. टकरीचं कारण मात्र संयुक्त अरब अमिरातीनं नौकानयनातला चुकीचा अंदाज असं सांगितलं.

रडारला उपग्रह लागत नाही. ते स्वतःच लहर सोडतं आणि समोरच्या लोखंडावरून ती परतायला किती वेळ लागला ते मोजतं. टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा तर त्याहून जुनं साधन मागतो: प्रत्येक जहाजानं सदैव डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायचा.