छावणीतला ताप: टायफॉइड की टायफस?

अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) तरुण शिपायांनी घरी धाडलेली पत्रे वाचू लागले, की ताप हा विषय फार लवकर निघतो. कोणी त्याला नुसता ताप म्हणतो, कोणी ‘कॅम्प फीव्हर’ म्हणजे छावणीचा ताप म्हणतो, आणि लष्करी दवाखान्याच्या नोंदीत बहुधा टायफॉइड तर क्वचित टायफस असे लिहिलेले असते. ही एकाच आजाराची दोन नावे असावीत असे अनेकांना आजही वाटते. प्रत्यक्षात हे दोन वेगळे आजार आहेत: एक तोंडावाटे पोटात शिरतो, दुसरा अंगातल्या सदऱ्यातून येतो. जंतू निराळे, वाहक निराळे आणि मरणाची रीतही निराळी.

गोंधळाचे मूळ नावातच आहे. ‘टायफस’ हा शब्द धूर किंवा धुंदी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, कारण रोगी शुद्धीवर नसल्यासारखा बरळत पडून राहतो. आणि ‘टायफॉइड’ म्हणजे केवळ ‘टायफससारखा’. पॅरिसचे डॉक्टर प्येर लुई यांनी १८२९ मध्ये हे दुसरे नाव रूढ केले. मराठीतही घोटाळा कमी नाही. टायफॉइडला आपण विषमज्वर म्हणतो, पण आयुर्वेदात विषमज्वर म्हणजे चढउताराचा, पाळीने येणारा ताप, जो वर्णनाने हिवतापाच्या अधिक जवळ जातो. ‘मुदतीचा ताप’ हे नाव बोलीत छान बसले आहे, तरी मुदत टायफसलाही असतेच. माझ्या मते ‘आंत्रज्वर’ हेच सर्वांत प्रामाणिक नाव, कारण आजार कुठे आहे ते त्यात सांगितलेले आहे.

आधी टायफॉइड पाहू, कारण या युद्धात खरा मारेकरी तोच होता. शेतावर वाढलेला, आयुष्यात कधी हजार माणसे एकत्र न पाहिलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पलटणीत भरती होई आणि शंकूच्या आकाराच्या सिब्ली तंबूत, मधल्या खांबाकडे पाय करून, डझनभर किंवा अधिक जणांबरोबर झोपू लागे. शौचासाठी खणलेल्या चरांवर रोज माती टाकावी असा नियम होता. पण नव्या पलटणींत तो क्वचितच पाळला जाई, आणि उघड्यावर बसण्याच्या संकोचाने किंवा निव्वळ आळसाने मुले जवळच्या झाडीतच जात. पाऊस पडला की ते सारे ओढ्यात उतरे, आणि त्याच ओढ्याच्या पाण्यावर कॉफी होई. कॉफीचे पाणी उकळलेले असल्याने ते बाधत नसे. तहान लागल्यावर ओंजळीने प्यालेले पाणी मात्र बाधे. भर माश्यांची असे, कारण चर आणि स्वयंपाकाची जागा यांत फारसे अंतर नसे. एवढ्या माणसांत जंतू वाहणारा एखादा जण पुरेसा होता, आणि तो स्वतः ठणठणीत असू शके.

ताप एकदम भडकत नाही. आठवडाभर तो पायरीपायरीने चढतो. डोके दुखते, भूक जाते आणि ‘जरा कणकण आहे’ असे घरी लिहून मुलगा पहाऱ्यावर उभा राहतो. दुसऱ्या आठवड्यात पोट फुगते, उजव्या बाजूला खाली दुखते, छातीपोटावर थोडे गुलाबी ठिपके उठतात, जीभ कोरडी पडते आणि काहींना वाटाण्याच्या सारासारखे पातळ जुलाब होतात. ताप भरपूर असूनही नाडी त्या मानाने मंद चालते. खरा धोका तिसऱ्या आठवड्यात, कारण लहान आतड्यातील व्रणांतून तेव्हा रक्तस्राव होतो किंवा आतडे फुटते. उत्तरेच्या सैन्यात टायफॉइडचे सुमारे ७५ हजार रुग्ण आणि २७ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली फेब्रुवारी १८६२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये दगावला, तोही बहुधा याच आजाराने. तिथले पाणी पोटोमॅक नदीचे होते आणि त्या नदीच्या काठी सैन्याच्या छावण्या पडल्या होत्या.

टायफसची चाल वेगळी. त्याचे जंतू अंगावरच्या कपड्यांतील उवांतून येतात. ऊ चावल्याने नव्हे, तर तिची विष्ठा खाजवताना जखमेत चोळली गेल्याने. ताप अचानक चढतो, डोके फुटेल असे दुखते, डोळे लाल होतात, आणि साधारण पाचव्या दिवशी धडावर उठलेले पुरळ हातापायांवर पसरून गडद होत जाते. पोट यात मुख्य नसते. दोन आठवड्यांच्या सुमारास ताप झपाट्याने उतरतो किंवा रोगी जातो. ‘छावणीचा ताप’, ‘तुरुंगाचा ताप’, ‘जहाजाचा ताप’ ही जुनी नावे मूळची याची, आणि १८१२ मध्ये रशियात नेपोलियनच्या फौजेला ज्या रोगांनी पोखरले त्यांत हा होता.

उवांची कमतरता तर यादवी युद्धातही नव्हती. शिपाई त्यांना ‘ग्रेबॅक’ (करड्या पाठीच्या) म्हणत, निवांत वेळी सदरे उलटे करून वेचत आणि त्यांच्या शर्यतीही लावत. तरीही टायफसची मोठी साथ आली नाही. याचे साधे स्पष्टीकरण असे, की ऊ रोग निर्माण करत नाही, फक्त वाहते. छावण्यांत आलेल्या माणसांत टायफॉइडचा जंतू होता, टायफसचा जवळजवळ नव्हता. म्हणून जुने नाव नव्या रोगाला चिकटले, आणि पत्रातील ‘कॅम्प फीव्हर’ हा बहुतेक वेळा टायफॉइडच निघतो.

डॉक्टरांना फरक माहीत नव्हता असे मात्र नाही. लुई यांचे शिष्य विल्यम गेरहार्ड यांनी फिलाडेल्फियातील १८३६ च्या टायफस साथीत शवविच्छेदने करून दाखवले होते, की टायफॉइडमध्ये आतड्यातील पेयर ग्रंथींवर व्रण असतात आणि टायफसमध्ये नसतात. पण हा पुरावा रोगी मेल्यावरच मिळे. जिवंत रोग्याच्या खाटेशी, त्यात हिवतापाचीही भर पडलेली असताना, निदान डळमळे. म्हणूनच १८६२ मध्ये लष्करी डॉक्टर जोसेफ वुडवर्ड यांनी ‘टायफो-मलेरियल’ असा तिसराच वर्ग काढला आणि संशयाचे हजारो रोगी त्यात जाऊन बसले. ही सोय होती, शोध नव्हता. पुढे १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात छावण्यांत पुन्हा टायफॉइड पसरला, तेव्हा लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या चौकशी मंडळाने रक्ताच्या तपासणीने दाखवले, की असे बहुतेक रोगी निव्वळ टायफॉइडचेच होते. त्यासाठी वापरलेली विडाल चाचणी तेव्हा अवघी दोन वर्षांची होती. आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या कागदांवर ती अजून छापून येते.

उपचारांत निदानाने फारसा फरक पडत नसे. क्विनीन, अफू, टर्पेंटाइन, ब्रँडी, मांसाचा रस्सा आणि पाऱ्याचे कॅलोमेल; हे शेवटचे औषध सर्जन जनरल, म्हणजे लष्करी वैद्यकीय खात्याचे प्रमुख, विल्यम हॅमंड यांनी १८६३ मध्ये लष्करी औषधांच्या यादीतून काढले, तर डॉक्टर मंडळी त्यांच्यावरच उलटली. उपचाराने वाचणे जवळजवळ नशिबावर होते, पण आजार टाळणे वेगळ्या गोष्टींनी होई: टायफॉइड चर झाकल्याने आणि पाणी उकळल्याने, टायफस कपडे उकळल्याने.

२०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात गाजलेला स्क्रब टायफस या दोघांहून निराळा आहे. तो झुडपांतील माइट या सूक्ष्म जीवाच्या डिंभाच्या (पिल्लाच्या) चाव्याने होतो. नावातील ‘टायफस’ ऐकून त्याला टायफॉइड समजणारे मात्र आजही भेटतात.